एका क्रियापदाची कुळकथा

मराठीत सगळ्या वस्तू एकाच रीतीने मोडत नाहीत. काच फुटते, काठी मोडते, दोरी तुटते, कापड फाटते आणि भिंत ढासळते. ‘कपाची काच तुटली’ असे एखादा मुलगा म्हणाला, तर घरातील आजी त्याला तेथल्या तेथे थांबवते. कारण काच तुटणे तिच्या कानाला खटकते. वस्तू कठीण आहे की लवचीक, भरीव आहे की पोकळ, याचा विचार मराठी क्रियापद आधी करते आणि मगच तिच्या नाशाची वार्ता देते. इंग्रजीत ‘ब्रेक’ हे एकच क्रियापद काच, काठी आणि दोरी या तिघींनाही पुरते. मोडण्याच्या बाबतीत इंग्रजी भाषा आपल्या भाषेहून काटकसरी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु मराठीत ज्याला एका शब्दात गाठता येत नाही, असे मोडण्याचे एक क्रियापद इंग्रजीपाशी आहे. ते क्रियापद म्हणजे ‘व्हँडलाइझ’. वस्तू कशाची होती, हे ते पाहत नाही. ती मोडणाऱ्याच्या मनात काय होते, याकडे त्याचे लक्ष असते.

वादळाने झाड उन्मळून एखाद्या देवळाचा कळस पडला, तर तेथे हे क्रियापद चालत नाही. कारण वाऱ्याला मन नाही. चोराने पेटीचे कुलूप तोडले, तरीही ते योजता येत नाही. कारण चोराला कुलपाशी वैर नसते, त्याला आतील दागिने हवे असतात. नवे घर बांधण्यासाठी गवंडी जुनी भिंत पाडतो, तेथे तर त्याचा प्रश्नच येत नाही. पण सार्वजनिक बागेतील दिव्यावर कोणी नेम धरून दगड मारला, वाचनालयातील पुस्तकाची पाने कोणी फाडून ठेवली, एखाद्या पुतळ्याचे नाक कोणी छिन्नीने उडवले, आणि असे करून त्याच्या पदरी काहीच पडले नाही, तर त्या कृत्याला हे क्रियापद नेमके लागू पडते. वस्तू बहुधा दुसऱ्याची किंवा सर्वांची असते. ती सुंदर किंवा उपयुक्त असते. मोडणारा जाणूनबुजून मोडतो.

मराठीत याच्या जवळ जाणारे शब्द आहेत. परंतु प्रत्येकाचे माप थोडे वेगळे आहे. ‘नासधूस’ गुरेही करतात. शेतात शिरलेल्या गाईला पिकाचा द्वेष नसतो. ‘विद्रूप करणे’ यात रूप बिघडते, वस्तू मोडलीच पाहिजे असे नाही. ‘विटंबना’ पूज्य वस्तूची होते. बागेतील बाकाची विटंबना झाली असे कोणी म्हणत नाही. म्हणून या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ सांगताना मराठीला दोन-तीन शब्दांची जुळणी करावी लागते.

या क्रियापदाचा उगम शोधू लागले, की प्रथम हाती लागते ते एका जमातीचे नाव. युरोपात प्राचीन काळी जर्मन वंशाच्या ज्या अनेक टोळ्या होत्या, त्यांपैकी एकीचे नाव व्हँडल असे होते. आज ही जमात पृथ्वीच्या पाठीवर नाही. तिची भाषा बोलणारा कोणी उरला नाही, आणि त्या भाषेतील फारच थोडे शब्द टिकले. ज्या जमातीची स्वतःची भाषा नष्ट झाली, तिचे नाव परक्या भाषांत मात्र रोज उच्चारले जाते, आणि तेही शिवीसारखे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी रोमचे विशाल साम्राज्य खिळखिळे झाले होते. त्याच्या उत्तर सीमेवर ऱ्हाईन नदी होती. सन ४०६ च्या अखेरीस व्हँडल व इतर काही टोळ्या ही नदी ओलांडून साम्राज्यात शिरल्या. आजच्या फ्रान्समधून लुटालूट करीत त्या सन ४०९ मध्ये स्पेनमध्ये पोहोचल्या. बायकामुले, गाड्या, गुरेढोरे असा सारा संसार घेऊन निघालेले हे लोक होते. त्यांना राहण्यास भूमी हवी होती. पुढे गायसेरिक नावाचा अतिशय धूर्त व कर्तबगार राजा त्यांना लाभला. त्याने सन ४२९ मध्ये आपल्या लोकांना समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत नेले. रोम शहराला लागणारे धान्य व तेल तेथून येत असे. दहा वर्षांनी, म्हणजे सन ४३९ मध्ये, त्याने तेथील कार्थेज हे मोठे बंदर काबीज केले आणि एक बलाढ्य आरमार उभारले. घोड्यावरचे लोक एका पिढीत दर्यावर्दी झाले!

सन ४५५ मध्ये रोमच्या सम्राटाचा खून झाला. त्याच्या मुलीचा विवाह गायसेरिकच्या मुलाशी ठरलेला होता. नव्या सम्राटाने ते नाते मोडले आणि खून झालेल्या सम्राटाच्या विधवेशी बळाने लग्न केले. त्या राणीनेच गायसेरिकला मदतीसाठी बोलावले, असे काही जुने लेखक सांगतात. ते खरे असो वा नसो, गायसेरिकला निमित्त मिळाले. त्याची जहाजे रोमच्या दिशेने येऊ लागली, तेव्हा नवा सम्राट शहर सोडून पळू लागला आणि संतापलेल्या जमावाने त्याला ठार केले. शहराला राजा उरला नाही. तेव्हा रोमचा धर्मगुरू पोप लिओ हा गायसेरिकला सामोरा गेला आणि शहर जाळू नका, माणसे मारू नका, अशी त्याने विनवणी केली. गायसेरिकने ती बव्हंशी मान्य केली, असे त्या काळातील एका ख्रिस्ती लेखकाने नमूद करून ठेवले आहे.

त्यानंतर चौदा दिवस व्हँडलांनी रोम लुटले. राजवाड्यातील सोने, चांदी, तांबे, सारे त्यांनी जहाजांवर चढवले. ज्युपिटरच्या देवळाच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेले उत्तम ब्राँझचे पत्रे होते. त्यांतील निम्मे पत्रे त्यांनी उचकटून नेले, असे प्रोकोपियस हा इतिहासकार लिहितो. पुतळ्यांनी भरलेले एक जहाज परतीच्या वाटेवर बुडाले, असेही तो सांगतो. राणीला व तिच्या दोन मुलींना त्यांनी बरोबर नेले. हजारो माणसे कैद करून आफ्रिकेत नेली. तेथे नवरा एकाच्या वाट्याला, बायको दुसऱ्याच्या वाट्याला आणि मुले तिसऱ्याच्या, अशी त्यांची वाटणी होऊ लागली. तेव्हा कार्थेजच्या बिशपने आपल्या चर्चमधील सोन्याचांदीची भांडी विकून त्यांतील कित्येकांची सुटका केली. तेव्हा व्हँडल हे दयाळू पाहुणे होते, असे कोणी समजू नये. ते लुटारू होते, आणि लुटलेल्या माणसाला लुटारूच्या सौम्यपणाचे कौतुक नसते.

परंतु या चौदा दिवसांच्या हकिकतीकडे नीट पाहिले, की एक गोष्ट लक्षात येते. व्हँडलांनी जे केले ते लुटणे होते. ब्राँझचे पत्रे त्यांनी काढले ते विकण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी. पुतळे जहाजात भरले ते नेण्यासाठी. ज्याला पुतळा फोडायचाच आहे, तो त्याला समुद्रापार नेण्याचे कष्ट कशाला घेईल? आपण वर क्रियापदाचा जो अर्थ पाहिला, त्यात लाभाशिवाय मोडणे हे मुख्य लक्षण होते. ज्यांच्या नावावरून ते क्रियापद घडले, त्यांना ते लक्षण नीटसे लागू पडत नाही!

मग रोमची ती भव्य मंदिरे, सभागृहे, स्नानगृहे यांची पडझड कोणी केली? याला उत्तर देणारा एक मोठा पुरावा रोमच्याच कायद्यात सापडतो. व्हँडल परत गेल्यावर अवघ्या तीन वर्षांनी, सन ४५८ मध्ये, मेजोरियन या सम्राटाने एक हुकूम काढला. रोममधील जुन्या सार्वजनिक इमारती पाडून त्यांचे दगड खाजगी घरांसाठी नेले जात आहेत, आणि अधिकारीच त्याला परवानगी देत आहेत, याबद्दल त्याने संताप व्यक्त केला. अशी परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला पन्नास पौंड सोन्याचा दंड, आणि त्याची आज्ञा पाळणाऱ्या कनिष्ठ सेवकांना फटके व हात तोडण्याची शिक्षा त्याने फर्मावली. शिक्षा फार क्रूर होती, यात शंका नाही. (मोठ्याला दंड आणि धाकट्याचे हात, ही वाटणीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.) परंतु इतका कडक हुकूम काढावा लागला, यावरूनच रोमचे दगड कोण काढत होते ते स्पष्ट होते. ते रोमचे नागरिकच होते. हा सम्राट पुढे तीन वर्षांतच मारला गेला. मग त्याचा हुकूम कोण पाळणार? नंतरच्या हजार वर्षांत कोलोसिअम नावाचे प्रचंड क्रीडागार ही तर दगडांची खाणच झाली. तिथले दगड चर्चच्या पायऱ्यांना, वाड्यांना, पुलांना गेले. सतराव्या शतकात बार्बेरिनी घराण्यातील एका पोपने पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या देवडीतील ब्राँझ काढून नेले, तेव्हा रानटी टोळ्यांनी जे सोडले ते बार्बेरिनींनी नेले, अशा अर्थाची कोटी रोमकरांच्या तोंडी झाली.

दुसरीकडे व्हँडल आफ्रिकेत सुमारे शंभर वर्षे राज्य करीत होते. त्यांच्या ख्रिस्ती पंथाहून वेगळा पंथ मानणाऱ्यांचा त्यांनी छळ केला. हा त्यांच्यावरील खरा डाग आहे. परंतु लॅटिन भाषेच्या शाळा त्यांच्या राज्यात चालू होत्या. त्यांच्या राजांनी स्नानगृहे बांधली आणि त्यांची स्तुती करणाऱ्या लॅटिन कविता कवींनी लिहिल्या. त्यांतील काही आजही उपलब्ध आहेत. सन ५३३ मध्ये पूर्व रोमन साम्राज्याचा सेनापती बेलिसारियस याने त्यांच्यावर स्वारी केली, आणि पुढल्या वर्षी त्यांचे राज्य बुडाले. त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी राहिला नाही. त्यांचा इतिहास आज आपल्याला ज्या ग्रंथांतून कळतो, ते बहुतेक त्यांच्या शत्रूंनी किंवा त्यांनी छळलेल्या लोकांनी लिहिलेले आहेत.

पुढील शतकांत रोमच्या वैभवाची आठवण जसजशी वाढली, तसतसे त्या वैभवाच्या नाशाचे खापर कोणाच्या तरी माथी फोडणे आवश्यक झाले. गॉथ आणि व्हँडल अशी जोडी लेखकांना सोयीची वाटली. इंग्रज कवी जॉन ड्रायडन याने १६९४ मध्ये एका चित्रकाराला उद्देशून लिहिलेल्या कवितेत प्राचीन कलाकृतींच्या नाशाचा दोष या जोडीवरच ठेवला आहे. तोपर्यंत इंग्रजीत ‘व्हँडल’ म्हणजे कलेचा शत्रू, अडाणी विध्वंसक, असा अर्थ रूढ होऊ लागला होता. तरीही हे नावच होते. त्याचे क्रियापद व्हायला आणखी एक शतक जावे लागले, आणि त्यासाठी इंग्लंडच्या शेजारी मोठी उलथापालथ व्हावी लागली.

ही उलथापालथ म्हणजे १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती. राजाची अनियंत्रित सत्ता गेली, सरदारांचे विशेष हक्क गेले, आणि पुढे १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. राजावरील रोष मग दगडांवर निघू लागला. फ्रान्सचे राजे ज्या सेंट डेनिसच्या चर्चमध्ये पुरले होते, तेथील थडगी त्याच वर्षी उघडण्यात आली. पॅरिसमधील नोत्र दाम या भव्य चर्चच्या दर्शनी भागावर तेराव्या शतकातील अठ्ठावीस राजांचे दगडी पुतळे ओळीने उभे होते. हे फ्रान्सचे राजे आहेत, असा समज होता. क्रांतीच्या सरकारने ते खाली ओढून काढवले आणि त्यांची डोकी उडवण्यात आली. वस्तुतः ते फ्रान्सचे राजे नव्हतेच! ते बायबलमधील जुन्या यहुदी राजांचे पुतळे होते. ज्या राजघराण्यावर लोक चिडले होते, त्याच्याशी त्या बिचाऱ्या दगडांचा काही संबंध नव्हता. ही डोकी कायमची नाहीशी झाली, असेच सर्वांना वाटत होते. परंतु १९७७ मध्ये पॅरिसमधील एका वाड्याच्या आवारात काम चालू असताना त्यांतील एकवीस डोकी जमिनीत पुरलेली सापडली. कोणीतरी ती तेथे जपून पुरली होती. आज ती पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात आहेत. कित्येकांची नाके तुटलेली आहेत, पण चेहरे ओळखता येतात.

या विध्वंसाविरुद्ध जो मनुष्य उभा राहिला, त्याचे नाव आंरी ग्रेग्वार. तो १७५० मध्ये फ्रान्सच्या पूर्व भागातील एका खेड्यात शिंप्याच्या घरी जन्मला आणि पुढे धर्मोपदेशक झाला. तो राजाचा पक्षपाती नव्हता. प्रजासत्ताकाचा कट्टर पुरस्कर्ता होता. गुलामगिरी नष्ट व्हावी, यहुदी लोकांना इतरांसारखे नागरिकत्व मिळावे, यासाठी तो झटला. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होते. जुन्या राजवटीच्या चाहत्याने पुतळे वाचवा म्हटले असते, तर त्याचेच डोके धोक्यात आले असते. ग्रेग्वारने मात्र वेगळा मार्ग काढला. त्याने म्हटले, की हे पुतळे, ही पुस्तके, ही चित्रे आता राजाची नाहीत. ती राष्ट्राची आहेत. जो ती फोडतो तो प्रजेचीच मालमत्ता फोडतो, आणि म्हणून तो क्रांतीचा मित्र नसून शत्रू आहे.

या कृत्यासाठी त्याला एक शब्द हवा होता. नासधुशीला ‘अति उत्साह’ म्हणून सोडून देणाऱ्यांना लाज वाटावी, असा तो शब्द असायला हवा होता. १७९४ मध्ये त्याने तो घडवला. व्हँडल या नावाला शेपूट जोडून त्याने ‘व्हांदालिस्म’ हा फ्रेंच शब्द तयार केला आणि फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेपुढे ठेवलेल्या अहवालांत तो पुन्हा पुन्हा वापरला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत त्याने या एकाच विषयावर तीन अहवाल सादर केले. कोठे पुतळे फुटले, कोठे चित्रे जळाली, कोठे मठांतील पुस्तके ओलीत कुजत पडली, याची त्याने यादीच वाचून दाखवली. पहिल्या अहवालाच्या काही दिवस आधी पॅरिसमधील एका जुन्या मठात साठवलेला सोरा पेटून भयंकर स्फोट झाला होता आणि तेथील ग्रंथालय जळाले होते. त्या राखेचा वास अजून लोकांच्या नाकात असणार. पुढे आठवणी लिहिताना ग्रेग्वारने म्हटले, की ती गोष्ट ठार करण्यासाठीच आपण तो शब्द जन्माला घातला.

शब्दाने गोष्ट मेली नाही. तशी ती कधीच मरत नाही. पण काही तरी वाचले. अलेक्झांद्र लन्वार या गृहस्थाने राजांची थडगी आणि चर्चमधील शिल्पे पॅरिसमधील एका रिकाम्या मठात गोळा करून ठेवली होती. १७९५ मध्ये तेथे फ्रेंच स्मारकांचे संग्रहालय लोकांना खुले झाले. जी शिल्पे हातोड्याखाली जायची, ती पाहण्यासाठी लोक येऊ लागले. एका वर्षापूर्वी ज्या वस्तूंना ‘जुलमाची चिन्हे’ म्हणत, त्यांना आता ‘राष्ट्राचा वारसा’ म्हणू लागले.

ग्रेग्वारच्या चरित्रात एक विसंगती मात्र आहे, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने ती डोळ्यांआड करू नये. ज्या १७९४ सालात त्याने दगडांच्या रक्षणासाठी हा शब्द घडवला, त्याच सालच्या जून महिन्यात त्याने दुसरा एक अहवाल सादर केला होता. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून बोलल्या जाणाऱ्या निरनिराळ्या बोली नष्ट करून सर्वत्र एकच फ्रेंच भाषा करावी, असे त्यात त्याने सुचवले होते. सर्व नागरिकांना कायदा समजावा, हा त्यामागील हेतू चांगला होता. तथापि बोली हीदेखील पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवलेली वस्तू आहे; तिचे नाक उडवले तर ते जमिनीखालून पुन्हा सापडत नाही. चांगल्या माणसाच्या दृष्टीलाही काही वस्तू दिसतात आणि काही दिसत नाहीत.

त्या शब्दावर त्या काळीच आक्षेपही घेण्यात आला. जर्मनीच्या ज्या भागातून व्हँडल आले असे मानतात, तेथील काही विद्वानांनी तक्रार केली, की आमचे पूर्वज योद्धे होते, विध्वंसक नव्हते. त्यांचे नाव असे वापरणे अन्यायाचे आहे. ग्रेग्वारनेच ही तक्रार आपल्या आठवणींत नमूद केली आहे. ती वाचून पुष्कळांना हसू आले असेल. तेराशे वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या टोळीच्या अब्रूची काळजी कोणाला?

परंतु मराठी वाचकाने येथे जरा थांबावे. मराठ्यांच्या सैन्यात दोन प्रकारचे घोडेस्वार असत. ज्याचे घोडे व हत्यारे स्वतःची, तो शिलेदार. आणि ज्याला ती सरकारातून मिळत, तो बारगीर. ‘बारगीर’ या शब्दात मराठी माणसाला कोणताही दोष दिसत नाही; तो केवळ नोकरीचा एक प्रकार आहे. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. गावे लुटली गेली, जळाली, लोक देशोधडीला लागले. अखेर १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह होऊन त्या थांबल्या. बंगालच्या लोकांच्या तोंडी ‘बारगीर’चा ‘बर्गी’ झाला आणि त्याचा अर्थ झाला लुटारू. मूल झोपवताना बंगाली आई जी अंगाई म्हणते, तीत या बर्गींच्या येण्याची भीती आजही आहे. मराठी पाळण्यात ज्या स्वारांची कीर्ती, तेच बंगाली पाळण्याजवळ बागुलबुवा! दोन्ही आयांची आठवण आपापल्या जागी खरी आहे; शब्द मात्र ज्याने सोसले त्याच्या बाजूने घडला. आपल्या भाषेतही असे शब्द आहेत. सरळ काम वाकड्या रीतीने केले, की आपण त्याला सहज ‘द्राविडी प्राणायाम’ म्हणतो. ते ऐकून दक्षिणेतील माणसाला काय वाटत असेल, याचा विचार बोलणारा क्वचितच करतो.

ग्रेग्वारचा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश खाडी ओलांडून इंग्रजीत आला. इंग्रजीला नामापासून क्रियापद बनवण्याची एक सोपी युक्ती ठाऊक आहे. ‘क्रिटिक’ म्हणजे टीकाकार. त्याला प्रत्यय लागून ‘क्रिटिसाइझ’ म्हणजे टीका करणे. मूळ ग्रीकांकडून लॅटिन व फ्रेंचमार्गे आलेला हाच प्रत्यय व्हँडल या नावाला लावला, आणि व्हँडलाइझ हे क्रियापद सिद्ध झाले. आज ते रोजच्या वर्तमानपत्रात सापडते. बसच्या आसनांना लागते, शाळेच्या फळ्याला लागते, दूरध्वनीच्या खांबाला लागते. ते वापरणाऱ्या शंभरांपैकी फार तर एखाद्याला गायसेरिकचे नाव ठाऊक असेल.

व्हँडल आपल्या देशात कधी आले नाहीत. गायसेरिक कार्थेजमध्ये राज्य करीत होता, ते पाचवे शतक होते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, अजिंठ्याच्या डोंगरात छिन्नीचे व कुंचल्याचे काम जोरात चालू होते. दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती. पुढे ती लेणी विस्मृतीत गेली. १८१९ च्या एप्रिल महिन्यात ब्रिटिश घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला आणि त्याच्या दृष्टीस ती लेणी पडली. तोपर्यंत त्याच्या भाषेत ग्रेग्वारचा शब्द येऊन वीस वर्षे होऊन गेली होती. तो दहाव्या लेण्यात शिरला. तेथील एका खांबावर एक सुंदर रंगीत आकृती होती. त्याने टोकदार वस्तू घेतली आणि त्या आकृतीवरच आपले नाव व तारीख कोरून ठेवली.

ऐतिहासिक वास्तू विद्रूप करणे हा भारतात १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०१० मध्ये त्याची शिक्षा वाढवून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी करण्यात आली. स्मिथच्या वेळी असा कायदा नव्हता. त्या काळी लेण्याच्या जमिनीवर कित्येक फूट माती व दगडगोटे साचले होते, आणि त्यांच्यावर उभे राहून त्याने ते नाव कोरले. पुढे तो सारा ढिगारा उपसला गेला. त्यामुळे ते नाव आज पाहणाऱ्याच्या डोक्याच्याही वर राहिले आहे, आणि ते वाचण्यासाठी मान वर करावी लागते.